अध्यक्षांना तीन अंक फुकट

२ ऑगस्ट १७९३. अमेरिकेची राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती आणि फ्रान्सच्या आगाऊ राजदूताचं काय करायचं, यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मंत्रिमंडळाचा खल चालला होता. मध्येच युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांनी गावात फिरणाऱ्या एका वात्रट मजकुराचा विषय काढला. त्यात वॉशिंग्टन यांना गिलोटिनखाली देऊन त्यांची अंत्ययात्राही काढली होती. झालं! एरवी प्रत्येक शब्द तोलून बोलणारे अध्यक्ष भडकले. राजीनामा द्यायची वेळ हुकली याचा आपल्याला क्षणोक्षणी पश्चात्ताप होतो, जगाचं सम्राटपद मिळण्यापेक्षा आपली शेती बरी, असं ते बोलून गेले. आणि तो बदमाश फ्रेनो! आपल्या पेपरचे तीन-तीन अंक रोज घरी पाठवतो, जणू ते वाटत फिरायचं काम आपल्याकडेच आहे. (फ्रेनोचं पत्र आठवड्यातून दोनदाच निघत असे. पण चिडलेल्या माणसाला हिशेब कोण विचारणार?)

हा प्रसंग कळतो तो परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी करून ठेवलेल्या टिपणावरून. आणि ज्या फ्रेनोच्या नावानं अध्यक्ष बोटं मोडत होते, तो याच जेफरसन यांच्या खात्यात पगारी नोकर होता.

अमेरिकेत अध्यक्ष कोणीही असो, अर्धी माध्यमं त्याला डोक्यावर घेतात आणि अर्धी पायदळी तुडवतात, ही तक्रार हल्ली रोजची झाली आहे. पाठोपाठ 'पूर्वी असं नव्हतं' हे पालुपदही येतं. पूर्वी असंच होतं. किंबहुना याहून वाईट होतं, फक्त कोणी ते लपवत नव्हतं. निःपक्षपाती वृत्तपत्र ही फार पुढची गोष्ट. अमेरिकेत आधी जन्माला आलं ते बाजू घेणारं पत्र, आणि तेही अध्यक्षांच्या आधी. वॉशिंग्टन यांनी पहिली शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ रोजी. त्यांची आरती ओवाळणारं 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स' न्यूयॉर्कमध्ये १५ एप्रिललाच सुरू झालं होतं.

त्याचा संपादक जॉन फेनो. बॉस्टनचा हा एके काळचा शाळामास्तर, नव्या सरकारची प्रतिष्ठा लोकांच्या मनात रुजवायची या हेतूनं न्यूयॉर्कला आला. राजधानी फिलाडेल्फियाला गेली तसा तोही बिऱ्हाड उचलून तिकडे गेला. वर्गणीदार पैसे वेळेवर देत नसत, कर्ज चढत होतं. अशा वेळी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी त्याला हात दिला. खात्याची छपाईची कामं दिली आणि गरज पडली तेव्हा उसने पैसेही उभे करून दिले. साहजिकच हॅमिल्टन यांची राष्ट्रीय बँक, त्यांचे कर, इंग्लंडशी जुळवून घेण्याचं त्यांचं धोरण या सगळ्याचं फेनोच्या पत्रात गुणगान होऊ लागलं.

जेफरसन आणि त्यांचे मित्र जेम्स मॅडिसन यांना हे बघवेना. त्यांनी आपला माणूस शोधला. फिलिप फ्रेनो हा कवी, मॅडिसन यांच्याबरोबर प्रिन्स्टनला शिकलेला. त्याला परराष्ट्र खात्यात भाषांतरकाराची जागा दिली, पगार वर्षाला २५० डॉलर. त्याला परकी भाषा येत होती ती फ्रेंच, आणि कामही बेताचंच. उरलेला सगळा वेळ पेपरला द्यायला तो मोकळा. ३१ ऑक्टोबर १७९१ रोजी त्याच्या 'नॅशनल गॅझेट'चा पहिला अंक निघाला आणि थोड्याच दिवसांत अर्थमंत्र्यांचे वाभाडे निघायला लागले. म्हणजे एकाच सरकारातले दोन मंत्री सरकारी तिजोरीच्या आधारानं दोन पेपर चालवत होते आणि त्यांतून एकमेकांवर चिखलफेक करवत होते.

१७९२ च्या उन्हाळ्यात हॅमिल्टन यांनी टोपणनावानं फेनोच्या पत्रात विचारलं की, सरकारला शिव्या देणाऱ्याला सरकारचाच पगार कशासाठी? फ्रेनोनं फिलाडेल्फियाच्या महापौरासमोर प्रतिज्ञापत्र केलं की जेफरसन यांचा आपल्या पत्राशी काहीही संबंध नाही. कोणाचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही. वॉशिंग्टन यांनी दोघांनाही पत्रं लिहून समजावलं. ९ सप्टेंबर १७९२ या एकाच तारखेला दोघांनी उत्तरं धाडली, आणि दोघांनीही दोष दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

हे वृत्तपत्र कसं निघत होतं ते पाहिल्याशिवाय हा सगळा प्रकार नीट उमजत नाही. छापखाना म्हणजे एखाद्या घराचा तळमजला. लाकडी हातयंत्र, त्यावर दोन माणसं. एकानं मेंढीच्या कातड्याचे, लोकर भरलेले गोळे शाईत बुडवून खिळ्यांवर थोपटायचे, दुसऱ्यानं ओलसर कागद घालून दांडा ओढायचा. दोघंही तरबेज असले तर तासाला दोनेकशे कागद निघत, तेही एका बाजूनं छापलेले. वाळले की पुन्हा दुसरी बाजू. अंक चार पानांचा, त्यातली बरीचशी जागा जहाजांच्या आणि मालाच्या जाहिरातींनी अडवलेली. बहुतेक पत्रांचे वर्गणीदार शेकड्यांत मोजायचे, आणि त्यांतले कितीतरी वर्षानुवर्षं पैसे बुडवणारे. अशा धंद्यात टिकायचं तर सरकारी छपाईचं कंत्राट हवं, नाहीतर पक्षातल्या कोणा धनिकाचा आश्रय. तटस्थ राहणं ही चैन छापखानेवाल्याला परवडणारी नव्हती.

जोडीला टपाल खातं होतं. १७९२ च्या कायद्यानं शंभर मैलांपर्यंत वृत्तपत्राला एक सेंट आणि त्यापुढे दीड सेंट असा दर ठरला. साधं एका कागदाचं पत्र पाठवायला मात्र अंतराप्रमाणे सहा ते पंचवीस सेंट पडत. शिवाय संपादकांनी एकमेकांना पाठवायच्या अंकांना टपालखर्चच नाही! त्यामुळे फिलाडेल्फियात छापलेली शिवी आठवड्या-दोन आठवड्यांत बॉस्टनच्या पेपरात दिसे, आणखी काही दिवसांनी दक्षिणेत सवानाच्या. कात्री आणि खळ एवढ्या भांडवलावर गावोगावचे संपादक आपापल्या पक्षाचा मजकूर उचलत. सरकारविरोधी पत्रांच्या प्रसाराचा निम्मा भार असा सरकारच उचलत होतं.

फ्रेनोचं पत्र १७९३ च्या ऑक्टोबरात बंद पडलं. पैसे नव्हते आणि शहरात पिवळ्या तापाची साथ होती. पण त्याची गादी चालवायला एक जण आधीच तयार होता, आणि तो फ्रेनोहून कडवा निघाला. बेंजामिन फ्रँकलिन बाख हा थोर बेंजामिन फ्रँकलिन यांचा नातू. सातव्या वर्षी आजोबांचं बोट धरून फ्रान्सला गेलेला, जिनेव्हात शिकलेला, खुद्द आजोबांच्या हाताखाली छपाई शिकलेला. आजोबा विजेवरच्या प्रयोगांबद्दल प्रसिद्ध, म्हणून विरोधक नातवाला 'छोटा वीजवाहक' म्हणून चिडवत. १७९० मध्ये त्यानं काढलेलं पत्र पुढे 'ऑरोरा' या नावानं गाजलं.

इंग्लंडशी झालेला जे-करार सिनेटनं १७९५ मध्ये बंद दाराआड मंजूर केला. त्याची प्रत एका सिनेटरनं बाखला दिली. त्यानं ती पुस्तिका म्हणून छापली आणि स्वतः गठ्ठे घेऊन उत्तरेकडच्या शहरांत विकत गेला. पाठोपाठ गावोगाव सभा आणि निषेध सुरू झाले. इथवर बाखचं काम बातमीदाराचंच म्हणायला हवं. जनतेला माहीत असायला हवं ते त्यानं जनतेला सांगितलं. पण त्याच बाखनं क्रांतियुद्धाच्या काळातली, वॉशिंग्टन यांच्या नावावर खपवलेली काही पत्रंही पुन्हा छापली. ती बनावट होती. वॉशिंग्टन इंग्लंडच्या राजाशी मनातून एकनिष्ठ होते असं त्यांतून भासवलं होतं. वॉशिंग्टन बराच काळ गप्प राहिले. अखेर पदावरच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, ३ मार्च १७९७ रोजी, त्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून ती पत्रं खोटी असल्याचं नोंदवून घेतलं. ते निवृत्त झाले तेव्हा 'ऑरोरा'नं लिहिलं की देशानं आता उत्सव साजरा करायला हरकत नाही.

सत्ता सोडतानाचा वॉशिंग्टन यांचा प्रसिद्ध निरोपाचा संदेश हे भाषण नव्हतंच. तो १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात छापून आला. त्याच्या आधीच्या खर्ड्यात वृत्तपत्रांनी केलेल्या छळाबद्दल चांगला लांबलचक परिच्छेद होता. हॅमिल्टन यांनी तो काढून टाकायला लावला. बरं केलं. देश काही बुडाला नसता, पण बाखला आणखी महिनाभराचा मजकूर मिळाला असता.

दुसरे अध्यक्ष जॉन अॅडम्स वॉशिंग्टन यांच्याएवढे सोशिक नव्हते आणि त्यांची पत्नी अॅबिगेल तर त्याहून नव्हती. बाखला सरकारनं आवरलं पाहिजे, असं ती पत्रांतून वारंवार लिहीत होती. सरकारपक्षाकडेही काही कमी तोंडाळ लोक नव्हते. विल्यम कॉबेट हा इंग्रज 'साळिंदर' या टोपणनावानं असं बोचरं लिही की फेनो त्याच्यापुढे मवाळ वाटावा. भांडण कागदावरही थांबत नव्हतं. १७९७ च्या एप्रिलमध्ये बाख बांधकाम चाललेली युद्धनौका पाहायला गेला असता नौकेच्या बांधकामप्रमुखाच्या मुलानं त्याला बेदम मारलं. कोर्टानं मुलाला दंड केला. पुढे त्याच मुलाला सरकारनं टपाल देऊन युरोपला धाडलं. बक्षीसच म्हणायचं!

मग आला १४ जुलै १७९८ चा राजद्रोहाचा कायदा. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि द्वेषमूलक लिहिलं तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास. कायद्याच्या संरक्षणात उपाध्यक्ष नव्हते, कारण उपाध्यक्ष होते विरोधी पक्षाचे जेफरसन. त्यांना खुशाल शिव्या द्याव्यात. शिवाय कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ ला, म्हणजे अॅडम्स यांच्या कारकिर्दीबरोबर संपायची होती. पुढे सत्ता पालटली तर हेच हत्यार आपल्यावर उलटू नये, ही तजवीज. टिळकांवरच्या खटल्यांमुळे राजद्रोह हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही, आणि दोन्ही कायद्यांचं मूळ इंग्रजांच्या जुन्या राजद्रोही बदनामीच्या कल्पनेतच आहे. पण अमेरिकी कायद्यात 'लिहिलं ते खरं आहे' असा बचाव निदान कागदावर तरी होता. टिळकांना तेवढीही पळवाट नव्हती.

कागदावरच्या या सवलतीचा प्रत्यक्षात फारसा उपयोग झाला नाही. अध्यक्षांना डामडौलाची हाव आहे, हे खरं आहे की खोटं, ते कोर्टात कसं सिद्ध करायचं? पहिली शिक्षा झाली ती संपादकाला नव्हे, तर व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना. हाच आरोप त्यांनी अध्यक्षांवर पत्रातून केला होता. चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड. लायन यांनी तुरुंगातूनच निवडणूक लढवली आणि ते दणक्यात निवडून आले.

न्यूअर्कच्या ल्यूथर बाल्डविनचं प्रकरण तर लेखणीशी संबंधितच नव्हतं. जुलै १७९८ मध्ये अध्यक्ष अॅडम्स त्या गावावरून गेले, मानवंदनेच्या तोफा उडाल्या. दारूच्या दुकानापाशी कोणीतरी म्हणालं, ते बघ, त्यांच्या पार्श्वभागावर गोळे सोडताहेत. झिंगलेला बाल्डविन म्हणाला, आरपार गेला तरी आपल्याला काय! दुकानाच्या मालकानं ते ऐकलं, आणि बाल्डविनवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्याला दंड झाला आणि विरोधी पेपरांना पुढची दोन वर्षं पुरेल एवढा विनोद मिळाला.

बाखला तर कायदा होण्याची वाट न पाहता जूनमध्येच पकडलं होतं. त्याचा खटला उभा राहिलाच नाही. १७९८ च्या उन्हाळ्यात पिवळा ताप फिलाडेल्फियात परतला. ज्याला जमेल तो गाव सोडून गेला. ऑगस्टमध्ये बाख आणि फेनोचा मुलगा भर रस्त्यात हातघाईवर आले होते. सप्टेंबरमध्ये १० तारखेला बाख तापानं गेला, वय अवघं २९. चार दिवसांनी, १४ तारखेला, त्याच तापानं जॉन फेनोही गेला. 'गॅझेट' मुलानं चालवलं, 'ऑरोरा' बाखच्या विधवेनं, मार्गारेटनं. शिवीगाळ फार काळ थांबली नाही.

राजद्रोहाच्या कायद्याखाली दहाएक जणांना शिक्षा झाल्या. त्या काळात विरोधी पत्रं घटली नाहीत, उलट वाढली. १८०० ची निवडणूक जेफरसन जिंकले. त्यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. लायन यांच्या वारसांना दंडाची रक्कम काँग्रेसनं १८४० मध्ये परत केली.

इथून कथेचा खरा नमुनेदार भाग सुरू होतो. जेम्स कॅलेंडर हा स्कॉटलंडहून पळून आलेला, भाड्यानं लेखणी चालवणारा इसम. १७९७ मध्ये त्यानंच हॅमिल्टन यांचं विवाहबाह्य प्रकरण उजेडात आणलं होतं. अॅडम्स यांच्याविरुद्ध लिहिल्याबद्दल १८०० मध्ये त्याला नऊ महिन्यांची कैद आणि २०० डॉलरचा दंड झाला. हे सगळं लिहिताना जेफरसन त्याला अधूनमधून पैसे देत होते. सुटल्यावर त्याला रिचमंडच्या पोस्टमास्तरची जागा हवी होती. जेफरसन यांनी नाही म्हटलं. कॅलेंडर विरोधी पत्रात जाऊन बसला आणि १ सप्टेंबर १८०२ रोजी त्यानं छापलं की अध्यक्षांना आपल्या गुलाम स्त्रीपासून, सॅली हेमिंग्जपासून मुलं झाली आहेत. दीडशेहून अधिक वर्षं बहुतेक इतिहासकारांनी ही विकृत कुचाळकी म्हणून झटकून टाकली. १९९८ मध्ये डीएनए चाचणीनं तिला बळ दिलं आणि आज बहुसंख्य अभ्यासक ती खरी मानतात. पक्षपाती माणसाच्या, सूडापोटी लिहिलेल्या मजकुरातलंही मुख्य विधान खरं असू शकतं, ही अडचण जेफरसन यांच्या चाहत्यांना फार उशिरा पचली. कॅलेंडर १८०३ मध्ये जेम्स नदीच्या उथळ पाण्यात बुडून मेला.

सरकार आणि वृत्तपत्रं यांतलं एकच निवडायचं झालं तर आपण वृत्तपत्रं निवडू, असं १७८७ मध्ये लिहिणारे हेच जेफरसन. खुर्चीत सहा वर्षं काढल्यावर, १८०७ मध्ये, त्यांनी एका तरुणाला सल्ला दिला की पेपराचे चार भाग करावेत, पहिल्यात सत्य, मग संभाव्य, मग शक्य कोटीतलं आणि शेवटी असत्य. पहिला भाग फार छोटा होईल, हेही सांगायला ते विसरले नाहीत. मधल्या काळात, १८०३ मध्ये, निवडक संपादकांवर राज्यांच्या कोर्टांत खटले भरायला हरकत नाही, असं त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरला खासगीत सुचवलं होतं. याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात हॅरी क्रॉसवेल या संपादकावर जेफरसन यांच्या बदनामीचा खटला झाला आणि अपिलात सत्याच्या बचावासाठी उभे राहिले कोण, तर अॅडम्स यांच्या पक्षाचे हॅमिल्टन! वृत्तपत्रस्वातंत्र्यावरची दोन्ही पक्षांची मतं कोण सत्तेत आहे त्यावर ठरत होती, एवढं यातून स्वच्छ दिसतं.

अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात ही पद्धत कळसाला पोचली. १८२८ च्या निवडणुकीत विरोधी पेपरांनी त्यांच्या पत्नीच्या, रेचलच्या पहिल्या लग्नाचा घटस्फोट पुरा झाला नव्हता हे उकरून तिला व्यभिचारिणी ठरवलं. निकालानंतर आणि शपथविधीच्या आधी, २२ डिसेंबरला ती वारली. जॅक्सन यांनी त्या लोकांना कधीच क्षमा केली नाही. त्यांनी धडा घेतला तो मात्र वेगळा. त्यांनी डझनावारी मित्र-संपादकांना सरकारी पदं वाटली आणि १८३० मध्ये वॉशिंग्टन शहरात 'ग्लोब' हे स्वतःच्या हुकमतीतलं पत्र काढवलं. हजार डॉलरच्या वर पगार असणाऱ्या सरकारी नोकरानं त्याची वर्गणी भरावी, अशी अपेक्षा असे.

हा सगळा डोलारा हळूहळू कोसळला तो कोणाला सद्बुद्धी झाली म्हणून नव्हे. पैसा दुसरीकडून यायला लागला. ३ सप्टेंबर १८३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'सन' हे एका सेंटचं दैनिक निघालं आणि रस्त्यावर पोरं ते ओरडून विकू लागली. हजारोंनी खप, म्हणून जाहिराती, म्हणून पक्षाच्या दारात उभं राहायची गरज नाही. पाठोपाठ तारयंत्र आलं. १८४६ पासून असोसिएटेड प्रेस एकच तार अनेक पत्रांना पुरवू लागली, आणि ती सगळ्या पक्षांच्या संपादकांना चालेल इतपत कोरडी लिहिणं भाग पडलं. १८६१ मध्ये सरकारनं स्वतःचा छापखाना सुरू केला आणि राजधानीतल्या पक्षीय पत्रांचं सर्वांत मोठं कुरण बंद झालं. त्या छापखान्याचं काम ४ मार्चला सुरू झालं, त्याच दिवशी अब्राहम लिंकन यांनी शपथ घेतली. लिंकन यांनाही पेपर कसा चालवतात हे चांगलं ठाऊक होतं. १८५९ मध्ये स्प्रिंगफील्डमधलं एक जर्मन भाषेतलं पत्र त्यांनी गुपचूप विकत घेतलं होतं, अट एवढीच की त्यानं रिपब्लिकन पक्षाची बाजू सोडायची नाही. निवडून आल्यावर त्याच्या संपादकाला व्हिएन्नात वाणिज्यदूत नेमलं.

आज ज्या समतोल पत्रकारितेच्या नावानं गळे काढले जातात, तिचा काळ त्यामानानं अगदीच छोटा. संपादकांच्या राष्ट्रीय संघटनेनं निःपक्षपातीपणाची संहिता स्वीकारली १९२३ मध्ये. रेडिओ आणि टीव्हीवर दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन आलं १९४९ मध्ये आणि उठलं १९८७ मध्ये. त्या मधल्या काळातही संपादकीय पानांनी कूस बदलली होती असं नाही. १९३६ मध्ये बहुतेक वृत्तपत्रं फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या विरोधात होती आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पेपरांना वळसा घालून रेडिओवरून थेट लोकांच्या दिवाणखान्यात शिरण्याची युक्ती त्यांना साधली होती. पुढच्या प्रत्येक अध्यक्षानं आपापल्या काळातल्या यंत्रावर तीच वापरली.

जुन्या पद्धतीची एक खूण मात्र अजून शाबूत आहे. न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टरच्या दैनिकाचं नाव आजही 'डेमोक्रॅट अँड क्रॉनिकल' आहे, कनेक्टिकटमध्ये वॉटरबरीच्या पत्राचं 'रिपब्लिकन-अमेरिकन' आणि आर्कान्साच्या सर्वांत मोठ्या पत्राचं 'डेमोक्रॅट-गॅझेट'. या शेवटच्या पत्राचं संपादकीय पान गेली अनेक वर्षं रिपब्लिकनांकडे झुकलेलं आहे.